अर्धं पाऊल मागे

मतदानाच्या दिवशी सकाळी ताई माहेरी यायला निघाली तेव्हा तिने दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. एक, भांडायचं नाही. दोन, रडायचं नाही. दार बाळने उघडलं आणि पहिली गोष्ट उंबऱ्यावरच निकालात निघाली.

"ये. पण एक सांगून ठेवतो, आज तुझं इस्पितळ घराबाहेर ठेव."

"अरे, मी अजून चपला काढल्या नाहीत."

"म्हणून तर आत्ता सांगतोय."

हा बाळ म्हणजे पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, दोन कॉलेजातल्या मुलांचा बाप. पण घरातलं शेंडेफळ, त्यामुळे बाळ तो बाळच राहिला. अप्पा खासदार झाल्यापासून त्यांचा मतदारसंघ खरं तर तोच सांभाळायचा. कुणाची बदली अडली, कुणाचा नळ कोरडा पडला, सगळे बाळकडे. आता अप्पा उपराष्ट्रपती झाले की त्यांना पक्ष सोडावा लागणार, खासदारकी सोडावी लागणार, पोटनिवडणूक लागणार आणि तिकीट कुणाला मिळणार ते सांगायला ज्योतिषी नको होता. बाळचा जीव गेले दोन महिने टांगणीला लागला होता. रक्तदाबाच्या गोळ्या अप्पांच्या, पण खात होता बाळ, असं आई गमतीने म्हणायची.

ही निवडणूक लोकांची नव्हे. मत द्यायचं ते दोन्ही सभागृहांतल्या सभासदांनी, तेही गुपचूप. यात पक्षाचा आदेश चालत नाही आणि कोणी कुणाला दिलं ते कधीच कळत नाही. म्हणून तर पुढाऱ्यांना झोप नव्हती. दोन्ही बाजूंची डोकी जवळपास सारखी होती, इकडची दोनचार तिकडे गेली की खेळ खलास.

ताई स्वयंपाकघरात गेली. आई पावाला लोणी लावत होती आणि लोण्यापेक्षा पावाचाच जास्त भुगा होत होता.

"आई, शेवटचं विचारते."

"शेवटचं तू परवा विचारलंस."

"राष्ट्रपतींचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. ते अजून इस्पितळात आहेत. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर सगळा कारभार कुणाकडे येईल? अप्पांकडे. सह्या कोण करणार? अप्पा. नुसतं खुर्चीत बसून 'शांतता राखा' म्हणायचं काम नाही हे."

"राष्ट्रपती ठणठणीत होतील. उगाच अभद्र बोलू नकोस."

"आणि अप्पा?"

आईने सुरी खाली ठेवली. "दमले होते गं ते त्या दिवशी. इतकी माणसं, इतके दौरे. तुझ्या वयाची बाई विसरते चष्मा कुठे ठेवला ते."

"चष्मा वेगळा आणि माणूस वेगळा, आई."

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी आत्या भेटायला आली होती. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली. अप्पांनी तिला अगदी आपुलकीने विचारलं, "डॉक्टर कसे आहेत? दाढ दुखतेय माझी, दाखवायची होती त्यांना." आत्याचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या उशाशी अप्पाच बसले होते. आत्या हसून म्हणाली, बरे आहेत. मग गाडीत बसल्यावर तिने ताईला फोन केला. तेव्हा अर्ज मागे घ्यायची मुदत नुकतीच संपून गेली होती.

ताईला नवल वाटलं नव्हतं. ती इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. तिने अशी माणसं पाहिली होती, जुनं सगळं घडाघडा सांगणारी आणि समोरच्याला कोण तुम्ही विचारणारी. आणि तिने आईलाही पाहिलं होतं. गेलं वर्षभर कुठल्याही समारंभात आई अप्पांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे उभी असायची. कोणी आलं की तीच आधी आनंदाने ओरडायची, "अहो, बघा कोण आलंय! आपले दूधसंघाचे अध्यक्ष!" लोक म्हणायचे, वहिनींचं किती लक्ष असतं सगळ्यांवर. लक्ष होतंच. डोळ्यांत तेल घालून होतं.

"आज आत्या येईल जेवायला," आई हळूच म्हणाली. "तिच्याशी काही बोलू नकोस. तिचं मत फार मोलाचं आहे, बाळ म्हणत होता."

"ती विरोधी पक्षात आहे."

"आधी बहीण आहे."

एवढ्यात अप्पा आले. दाढी गुळगुळीत, कपडे कडक इस्त्रीचे, आवाज खणखणीत. "काय ताई, आज तुझ्या म्हाताऱ्यांना सुट्टी? की एक म्हातारा इथेच बघायला आलीस?"

ताई हसली. हसताना दुसरीही गोष्ट निकालात निघायच्या बेताला आली, म्हणून ती वाकून पावाचे तुकडे गोळा करायला लागली.

*

आत्याला जेवण गेलं नाही. बाळने तिला वाढता वाढता तीनदा 'घरचं मत' म्हटलं, वहिनींनी तिचा हात दोनदा दाबला आणि ताईने फक्त तिच्याकडे बघितलं. तिघांची तीन तोंडं. प्रत्येकाला वाटत होतं, आत्या आपल्या बाजूची आहे. आत्या पाणी पीत राहिली. तिच्या पक्षातले लोक तर आधीच म्हणून मोकळे झाले होते, ही भावालाच देणार. म्हणजे न देऊनही ती बदनाम आणि देऊनही बदनाम. असं ताटात वाढून ठेवल्यावर कुणाला भूक लागेल?

मग अप्पा आणि आत्या, दोघं एकाच गाडीतून निघाली. ही त्यांची जुनी रीत. पक्ष वेगळे, सभागृहं वेगळी, पण कुठल्याही मतदानाला जायचं ते एका गाडीतून आणि मत द्यायचं ते एकमेकांविरुद्ध. आमच्या घराची बेरीज शून्य, असं अप्पा पत्रकारांना सांगायचे. तो विनोद इतका जुना झाला होता की आता पत्रकारच तो आधी सांगायचे.

बागेच्या कोपऱ्यावर अप्पांनी गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हरला म्हणाले, "जा, चहा पिऊन ये."

"मघाशीच झाला, साहेब."

"मग परत पी. आमच्या घरच्यापेक्षा बरा मिळेल."

ड्रायव्हर गेला. अप्पा बहिणीकडे वळले.

"पिपाणी," ते म्हणाले.

हे नाव फक्त घरातलं. लहानपणी तिच्या आवाजाने अख्खी आळी उठायची म्हणून त्यांनीच ठेवलेलं. बाहेर मात्र, चारचौघांत, सभेत, लग्नातसुद्धा, ते तिला पूर्ण नावाने आणि 'अहो जाहो'ने बोलवायचे. घरचं नाव घराबाहेर काढायचं नाही, यावर ते भारी कडक होते. एकदा बाळने भरसभेत तिला नुसतं आत्या म्हटलं होतं तर आठवडाभर बोलले नव्हते त्याच्याशी.

"त्या दिवशी मी तुला डॉक्टरांचं विचारलं ना?"

"कधी?"

"खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. मी विचारलं आणि तुझा चेहरा उतरला. तेवढं दिसलं मला. काय चुकलं ते मात्र समजेना. दुसऱ्या दिवशी दाढी करताना दात दिसले आरशात आणि मग आठवलं." अप्पांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "त्यांच्या उशाशी बसलो होतो गं मी. माझा हात होता त्यांच्या हातात."

इतके दिवस आत्याला एकच भीती होती, की अप्पाला हे कळत नसेल. आता कळलं की त्याला कळतंय, आणि ही भीती त्याहून वाईट निघाली.

"अर्ज का नाही घेतलास मागे?"

"मुदत गेली होती."

"आणि नसती गेली तर?"

अप्पा लहान मुलासारखं ओशाळं हसले. "तरी नसता घेतला. मला हवंय गं ते. जन्मभर खाली उभा राहून वर सभापतींच्या खुर्चीशी भांडलो. एकदा तिथे बसून बघायचंय. दोनतीन वर्षं बरी जातील, असंही मन म्हणतं. मनाचं काय, ते वकील झालंय माझं. म्हणून तुला सांगतो. मला मत देऊ नकोस."

"मी विरोधी पक्षात आहे, अप्पा. नाहीच देणार."

"बाळने तुझे पाय धरलेत."

"धरलेत."

"आणि तू पाघळतेस. पहिल्यापासून पाघळतेस. बाहेर आवाज मोठा, आत सगळं लोणी." त्यांनी तिचा हात घेतला. "आणि समजा, तरीही मी निवडून आलोच, तर एक वचन दे. तुझ्या वहिनीला मला सांगवणार नाही. बाळ सांगणार नाही, त्याला ती जागा हवीय. ताई सांगेल, पण मी तिचं ऐकणार नाही, बापाला पोरीचं ऐकवत नाही. तू सांगायचं. ज्या दिवशी मला तुझं नाव सापडणार नाही, त्या दिवशी तू माझ्या समोर उभं राहून म्हणायचं, अप्पा, पुरे. तुझं ऐकेन मी. अगं, विरोधी पक्षाचं कामच आहे ते."

"आणि आज? आज सापडतंय?"

अप्पांनी पाठ सरळ केली आणि तिचं पूर्ण नाव घेतलं. माहेरचं, सासरचं, मधे वडिलांचं, शाळेत हजेरी घ्यायचे तसं ठासून. आत्याला रडू फुटलं. ती म्हणाली, "हजर."

मतदानाची खोली थंडगार होती. दारात फोन ठेवायचे ट्रे, मग लांबलचक टेबल, त्यामागे अधिकारी, आणि भिंतीशी लाकडी आडोसे. अप्पा रांगेत मधे उभे. कोणीतरी म्हणालं, उमेदवार आहात, पुढे या ना. ते म्हणाले, "उमेदवार आहे, म्हातारा आहे, दोन्ही खरं. पण रांग मोडायला यातलं एकही कारण पुरेसं नाही." सगळे हसले. आत्याही हसली. कुठे काय बिघडलंय या माणसाचं, असं तिला वाटलं, आणि नेमकं तेव्हाच ती पाघळली.

आडोशामागे कागदावर दोन नावं. समोरचा उमेदवार तिच्या पक्षाचा, सज्जन, अभ्यासू. त्याच्या विरुद्ध बोलायला काही नव्हतं. तिथलं पेन तिने उचललं. ज्या माणसाला आपलं काय हरवतंय ते कळतं, तो अजून शहाणाच की, ती स्वतःला म्हणाली. मग म्हणाली, हे वकिली झालं. मग तिला फक्त ऐकू आलं, मला हवंय गं ते. तिने भावाच्या नावापुढे एकचा आकडा काढला.

कागदाची घडी घालताना तिने स्वतःला विचारलं, हे प्रेमाने केलं की भित्रेपणाने. मागे रांग होती.

*

संध्याकाळी निकाल लागला तेव्हा बाळ गॅलरीत फोनवर होता. आतून आरडाओरडा झाला आणि त्याला कळलं. अगदी थोड्या मतांनी, पण आले. अप्पा आले! बाळच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं लोकांच्या नळांची आणि बदल्यांची कामं केल्यावर माणसाला एकदा रडायचा हक्क आहे.

खोली भरून वाहायला लागली. हार, गुच्छ, पेढ्यांऐवजी कोणीतरी आणलेला भलामोठा केक, पायांत पाय. अप्पा दाराजवळ उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. आई त्यांच्या शेजारी होती, पण रेटारेटीत ती मागे ढकलली गेली, दोन पावलं, चार पावलं, थेट खिडकीशी. तिथून ती मान उंचावून बघत होती.

बाळ गर्दी कापत अप्पांपर्यंत पोचला. अप्पांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. चेहरा आनंदाने फुललेला.

"आभारी आहे," अप्पा म्हणाले. "आपण वेळ काढून आलात, फार बरं वाटलं."

आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

बाळ तिथेच खिळला. मग कोणाचा तरी धक्का लागला आणि तो वाहत वाहत स्वयंपाकघरात आला. ताई ओट्याशी कप विसळत होती.

"ताई, त्यांनी माझ्याशी हात मिळवला."

"मग?"

"आपण म्हणाले मला. आपण वेळ काढून आलात."

ताईने नळ बंद केला.

"गर्दी होती," बाळ म्हणाला. "शंभर लोकांना तेच म्हणत होते. जिभेवर बसलं असेल. हो ना? सवयीने आलं असेल."

सकाळी तोंड वर करून बोलणारा भाऊ आता तिच्याकडे असा बघत होता की तू हो म्हण. ताईला पहिल्यांदाच त्याची कीव आली. पण ती हो म्हणाली नाही. तिने कप पुसायला त्याच्या हातात दिले आणि ती दोघं बाहेरचा जल्लोष ऐकत एकामागून एक कप पुसत राहिली.

*

शपथविधी झाला, फोटो झाले. राष्ट्रपती इस्पितळातून घरी आले, पण सह्या अजून पलंगावरूनच. आणि वरिष्ठ सभागृहाच्या पहिल्या बैठकीचा दिवस उजाडला. उपराष्ट्रपती तोच त्या सभागृहाचा सभापती, त्यामुळे अप्पा आज पहिल्यांदा त्या उंच खुर्चीत बसणार होते.

आई प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसली होती, एका बाजूला बाळ, एका बाजूला ताई. दहा दिवस तिने जेवणाच्या टेबलावर सभागृह मांडलं होतं. मिठाची बाटली म्हणजे विरोधी पक्षनेते, साखरेचं भांडं म्हणजे मंत्री, कप म्हणजे बाकीचे. ती कप उचलायची आणि अप्पा नाव सांगायचे. चुकले की दोघं हसायची. नंतर नंतर ती एकटीच हसायची. शेवटी ठरलं की काळजीचं कारण नाही, सभापतींच्या समोर बसण्याचा नकाशा असतो, कोणत्या बाकावर कोण ते लिहिलेलं. शिवाय नुसतं 'माननीय सदस्य' म्हटलं तरी भागतं. पण इथून खुर्ची फार लांब होती, आणि त्या खुर्चीच्या मागे अर्धं पाऊल उभं राहायला बायकोला जागा नव्हती.

आणि अप्पा काय शोभत होते! एकेका पक्षाचा नेता अभिनंदनाला उठत होता, अप्पा नकाशाकडे डोळा टाकून नाव घेत होते, मिश्किल काहीतरी बोलत होते, वेळ संपली की हळूच घंटी वाजवत होते. बाळने आईच्या कानात म्हटलं, "बघितलंस?" ताईसुद्धा जरा सैल बसली होती.

मग आत्या उठली. तिच्या बाकावरचा माइक चालेना. तिने दोनदा टिचकी मारली, शेजारच्याने सुचवलं आणि ती मागच्या रांगेतल्या रिकाम्या बाकावर जाऊन उभी राहिली. एवढंच झालं.

अप्पांनी वर पाहिलं. मग नकाशावर पाहिलं. त्यांचं बोट त्या बाकावर गेलं आणि थांबलं. तिथे भलत्याच कुणाचं नाव होतं. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. ओळख होती चेहऱ्यावर, माया होती, सगळं होतं. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. 'माननीय सदस्य' म्हणा, आई मनात ओरडत होती, अहो, माननीय सदस्य म्हणा! तिचे ओठ सज्जातून नणंदेचं नाव घेत होते, पण इतक्या लांबून ओठ कोण वाचणार?

"आता बोलतील," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, "आमची पिपाणी!"

सगळं सभागृह हसलं. दोन्हीकडच्या लोकांनी बाकं बडवली. इतक्या वर्षांत त्या सभागृहात सगळे एकाच गोष्टीला हसले नव्हते. पत्रकारांच्या कक्षात माना खाली गेल्या, पेनं चालायला लागली. बहीणभावाचं प्रेम, उद्या पहिल्या पानावर.

सज्जात तिघं हसली नाहीत. बाळने ताईचा हात घट्ट धरला होता, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायचा तसा.

*

सभापतींच्या दालनात चहा आला. सगळी एकाच वेळी बोलत होती.

"काय रंगत आणलीत हो," आई म्हणाली. "लोक किती हसले!"

"फोन थांबत नाहीयेत," बाळ म्हणाला. पण फोन त्याने खिशातून काढला नव्हता.

ताई अप्पांच्या पायांजवळच्या स्टुलावर बसली होती आणि नजर दारावर होती.

आत्या आली. ती अभिनंदनाचं भाषण करून आली होती, पण काय बोललो ते तिला आठवत नव्हतं. माझं मत आहे यात, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं. त्याने नको म्हणून सांगितलं होतं आणि मी दिलं. त्याने एक काम सांगितलं होतं ते टाळलं, आता दुसरंही टाळू का? कदाचित लाडाने म्हणाला असेल. आयुष्यात एकदा, आनंदाच्या भरात, घरचं नाव बाहेर निघालं असेल. सगळी तसंच म्हणतायत. तसं असलं तर किती बरं होईल.

अप्पांनी तिला पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"ही सगळी मला चांगलं झालं म्हणतायत," ते म्हणाले. आवाज हसरा होता, पण नजर तिच्यावरच होती. "तू सांग. तुझं खरं मानेन मी."

आत्याला बसायला जागा केली होती. ती बसली नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "माझं नाव काय?"

"हे काय आता?" बाळ म्हणाला. ताईने त्याला गप्प केलं.

"पिपाणी," अप्पा म्हणाले.

"ते नाही. हजेरीतलं."

अप्पा हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मागून डोळे शोधायला लागले, तिच्या कपाळावर, साडीवर, भिंतीवर, टेबलावरच्या घंटीवर. शेवटी त्यांची नजर सवयीने उजवीकडे वळली, अर्धं पाऊल मागे, जिथे नेहमी आई असायची. आई होतीच. तिचे ओठ हलायला लागले.

आत्या पुढे झाली आणि दोघांच्या मधे, अप्पांच्या समोर उभी राहिली.